पाठपोट छपाई: मागचे पान उलटे का येते?

कागदाच्या दोन्ही बाजूंना छापले की मागची बाजू उलटी का येते? पुढचे पान ठीक असते. कागद उलटला की मजकूर डोके खाली, पाय वर. दोष बहुधा प्रिंटरला दिला जातो, पण त्याने सांगितले तेवढेच केलेले असते. कागद कोणत्या कडेने उलटला जाणार आहे हे त्याला चुकीचे सांगितलेले असते, किंवा सांगितलेलेच नसते. पाठपोट छपाईतला बराचसा गोंधळ या एका गोष्टीतून निघतो, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

१. लांब कड की आखूड कड?

ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. त्याला दोन लांब कडा आणि दोन आखूड कडा. वहीची शिवण डावीकडे असते, म्हणून तिचे पान उजवीकडून डावीकडे उलटते. भिंतीवरची दिनदर्शिका वरच्या कडेला जोडलेली असते, म्हणून तिचे पान खालून वर जाते. वहीच्या पानावर पुढच्या आणि मागच्या मजकुराचे डोके एकाच कडेला असते. दिनदर्शिकेच्या पानावर ते समोरासमोरच्या कडांना असते. प्रिंटरच्या यादीतील ‘फ्लिप ऑन लाँग एज’ आणि ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ हे दोन पर्याय म्हणजे हाच फरक. पहिल्यात पान लांब कडेभोवती उलटते, दुसऱ्यात आखूड कडेभोवती.

उभ्या पानाची लांब कड डावीकडे असते, त्यामुळे अर्ज, अहवाल, पुस्तक यांना ‘लाँग एज’ लागते. आडव्या पानाची डावी कड मात्र आखूड असते. आडवा तक्ता वहीसारखा उलटायचा असेल, तर त्याला ‘शॉर्ट एज’ लागते. इथेच बहुतेक जण फसतात: उभ्या पानांसाठी निवडलेला पर्याय तसाच राहतो आणि आडव्या तक्त्याची पाठ उलटी येते.

पान उभे की आडवे, हे लक्षात ठेवण्याऐवजी एकच प्रश्न विचारणे सोपे पडते: पंचिंगची भोके किंवा स्टेपलच्या पिना कोणत्या कडेला येणार? ज्या कडेला बांधणी, तीच कड निवडायची. उभे किंवा आडवे पान आणि लांब किंवा आखूड कड, अशा चारही जोड्यांना हा नियम लागू पडतो. कार्यालयातल्या फाइलीत उभी पत्रे आणि आडवे तक्ते एकत्र लावले जातात. तिथे भोके सगळ्याच कागदांच्या लांब कडेला असतात. आडव्या तक्त्याचे डोके फाइलीच्या कण्याकडे जाते. म्हणून अशा फाइलीत जाणाऱ्या आडव्या तक्त्यालाही ‘लाँग एज’च हवी. तोच तक्ता स्वतंत्रपणे डाव्या बाजूला स्पायरल बाइंडिंग करून द्यायचा असेल, तर ‘शॉर्ट एज’.

२. यंत्र कागद कसा उलटते

स्वयंचलित पाठपोट छापणारा प्रिंटर एका बाजूची छपाई झाली की कागद पूर्ण बाहेर सोडत नाही. कागदाचा शेवटचा भाग बाहेर पडायच्या बेतात असताना रूळ उलट दिशेने फिरतात आणि कागद परत आत ओढला जातो. आता मागची कड पुढे झालेली असते. खालच्या वाटेने वळसा घेऊन कागद पुन्हा छपाईच्या जागी येतो, तेव्हा त्याची कोरी बाजू समोर असते. कागद अर्धा बाहेर येऊन परत आत जाताना दिसला की काही जण तो घाईने ओढतात आणि मग खरोखरच अडकवून बसतात. त्या क्षणी हात लावू नये.

या वळशात कागदाला वाकावे लागते. त्यामुळे जाड कार्डशीट, लेबलांचे कागद आणि पाकिटे या मार्गाने जात नाहीत. ती एकाच बाजूने छापायची असतात.

आपल्या प्रिंटरला ही सोय आहे का, हे पुष्कळदा त्याच्या नावातच दिसते. नावातला ‘डी’ म्हणजे ड्युप्लेक्स: ब्रदरचा एचएल-एल२३२१डी स्वयंचलित पाठपोट छापतो. सायबर कॅफे आणि छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे चाललेला कॅननचा एलबीपी २९०० मात्र कागद स्वतः उलटत नाही. तिथे हातानेच उलटावा लागतो.

कधी प्रिंटरला सोय असते, पण संगणकावर पर्यायच दिसत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून तो प्रिंटर उघडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ या भागात पाहावे. काही ड्रायव्हरांत तिथे ‘ड्युप्लेक्स युनिट’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे ‘नॉट इन्स्टॉल्ड’ लिहिलेले असते. ते ‘इन्स्टॉल्ड’ केले की पर्याय उगवतो. तशी ओळच नसेल, तर विंडोजने आपणहून बसवलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरऐवजी त्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो. त्याच ठिकाणच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये पाठपोट छपाई कायमची ठरवूनही ठेवता येते. पुढे प्रत्येक वेळी निवडावे लागत नाही.

३. वर्डमधली मांडणी

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘फाइल’मधून ‘प्रिंट’ उघडले की प्रिंटरच्या नावाखाली ‘प्रिंट वन साइडेड’ असा खटका दिसतो. तो उघडून ‘प्रिंट ऑन बोथ साइड्स’ निवडायचे. लांब कडेचा आणि आखूड कडेचा, असे त्याचे दोन प्रकार तिथे वेगवेगळे दाखवलेले असतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये छपाईच्या चौकटीत ‘पेपर साइड्स’ या नावाने हीच निवड असते. छपाईपुरते काम इथे संपते. पण जे बांधले जाणार आहे, त्याचा समास आधी पाहावा लागतो.

एका बाजूने छापताना डावीकडे ३ सेंटिमीटर आणि उजवीकडे २ सेंटिमीटर समास ठेवला की बांधणी डावीकडच्या रुंद पट्टीत बसते. हेच पान पाठपोट छापले, तर मागच्या बाजूला बांधणी मजकुराच्या उजवीकडे येते आणि तिच्या वाट्याला २ सेंटिमीटरच उरतात. भोके ओळींच्या शेवटच्या अक्षरांच्या अगदी जवळ येतात. उपाय ‘लेआउट’मधल्या ‘मार्जिन्स’च्या यादीत आहे: ‘मिरर्ड’. तो निवडला की ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ जाऊन त्यांच्या जागी ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ येतात. आतला समास नेहमी बांधणीकडे राहतो. विषम पानांवर डावीकडे, सम पानांवर उजवीकडे. पृष्ठक्रमांक बाहेरच्या कोपऱ्यात हवा असेल, तर ‘डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस’ हा पर्याय लावून दोन्ही बाजूंचे तळटिपेचे पट्टे वेगळे करावे लागतात.

दुसरा मार्ग अधिक साधा आहे: दोन्हीकडे सारखाच रुंद समास ठेवणे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए-४ आकाराचा, किमान ७५ जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी छापून देण्याचे ठरवले, तेव्हा डावीकडे आणि उजवीकडे ४-४ सेंटिमीटर समास सांगितला. कागद थोडा जास्त लागतो, पण बांधणी कोणत्याही बाजूला आली तरी अक्षर सुटत नाही. शेकडो वेगवेगळ्या लोकांच्या संगणकांवरून येणाऱ्या कागदांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा.

प्रकरणे असलेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट पाहावी. नवे प्रकरण नेहमी उजव्या हाताच्या पानावर, म्हणजे कागदाच्या पुढच्या बाजूला सुरू व्हावे, असे वाटत असेल, तर त्याआधी ‘ऑड पेज’ प्रकारचा सेक्शन ब्रेक घालायचा. आधीचे प्रकरण विषम पानावर संपले, तर वर्ड मध्ये एक कोरे पान आपणहून सोडते. त्यासाठी एंटर दाबत बसू नये. पुढे चार ओळी वाढल्या की सगळे घसरते.

४. हाताने उलटायचे असेल तेव्हा

स्वयंचलित सोय नसली तरी पाठपोट छपाई होते. वर्डमध्ये ‘मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स’ हा पर्याय आहे: तो एका बाजूची पाने छापून थांबतो आणि कागद पुन्हा भरायला सांगतो. पण कागद कसा भरायचा, हे प्रत्येक प्रिंटरचे वेगळे असते, आणि ते कळण्यासाठी एक कागद खर्ची घालणे भाग आहे.

कोऱ्या कागदाच्या वर दिसणाऱ्या बाजूला, प्रिंटरमध्ये आधी शिरणाऱ्या कडेपाशी पेन्सिलीने बाण काढावा. मग एखादे साधे पान छापावे. मजकूर बाणाच्याच बाजूला आला, तर हा प्रिंटर वरच्या बाजूला छापतो. पाठीमागे आला, तर खालच्या बाजूला. समोरून आत सरकणाऱ्या ट्रेचे प्रिंटर बहुधा खालच्या बाजूला छापतात. बाण मजकुराच्या डोक्याकडे आहे की पायाकडे, हेही पाहून ठेवावे. या दोन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवल्या की कायमची सोय होते.

आता पानांचा क्रम. समजा सात पानांचा अहवाल आहे. कागद लागतील चार: पहिल्यावर १ आणि २, दुसऱ्यावर ३ आणि ४, तिसऱ्यावर ५ आणि ६, चौथ्यावर फक्त ७. आधी ‘ओन्ली प्रिंट ऑड पेजेस’ निवडून १, ३, ५, ७ छापायची. नेहमीच्या लेझर प्रिंटरमधून कागद पालथे बाहेर येतात, म्हणून गठ्ठ्यात सर्वांत खाली १, सर्वांत वर ७, आणि कोऱ्या बाजू वर. सातव्या पानाला पाठ छापायची नाही, तेव्हा तो कागद बाजूला काढायचा. हे विसरले, तर सगळा क्रम एका कागदाने सरकतो आणि सातच्या पाठीवर सहा येते.

वरच्या बाजूला छापणाऱ्या प्रिंटरमध्ये उरलेले तीन कागद तसेच, कोऱ्या बाजू वर ठेवून भरले, तर आधी आत जाईल तो पाचवाला कागद. म्हणून सम पाने उलट क्रमाने छापायला हवीत: ६, ४, २. वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘प्रिंट पेजेस इन रिव्हर्स ऑर्डर’ ही खूण करून ते साधते. या फेरीत ६ पालथे बाहेर पडून तळाशी जाते, त्यावर ४, त्यावर २. म्हणजे वर दिसते ते पान १, त्याखाली ३, त्याखाली ५. सातवा कागद तळाला सरकवला की अहवाल वाचायच्या क्रमाने हातात येतो, एकही कागद हलवावा लागत नाही. काम झाल्यावर ती खूण काढून टाकायची, नाही तर पुढचे प्रत्येक कागदपत्र शेवटाकडून छापले जाईल.

शंभर पानांचा मजकूर अशा रीतीने एकदम छापू नये. मध्ये दोन कागद एकत्र ओढले गेले की त्यापुढची प्रत्येक पाठ चुकीची होते. वीस-वीस पानांचे हप्ते केले, तर नुकसान एका हप्त्यापुरते राहते. पहिल्या फेरीनंतर कागद थोडे गार होऊ द्यावेत आणि गठ्ठा चारी बाजूंनी ठोकून सारखा करावा. लेझर प्रिंटरमध्ये शाईची भुकटी वितळवून चिकटवणारा भाग २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्यातून आलेला कागद किंचित वळलेला असतो आणि तसाच भरला, तर दुसऱ्या फेरीत अडकतो.

५. एक्सेलचे वेगळे दुखणे

वर्डमध्ये पान आधीपासून समोर असते. एक्सेलमध्ये असते ती एकच अफाट जाळी, १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकान्यांची. तिचे पानांत तुकडे होतात ते छापतानाच. म्हणून पाठपोटीचा विचार करण्याआधी तुकडे नीट पाडावे लागतात. ‘व्ह्यू’मधले ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ उघडले की निळ्या रेघांनी ते दिसतात.

समजा एका गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल खर्चाची नोंद आहे. सभासदांच्या ओळी, महिन्यांचे बारा रकाने, शेवटी बेरीज. रुंदी एका पानात मावली नाही, तर शेवटचे दोन-तीन रकाने वेगळ्या पानावर पडतात. एक्सेल मुळात ‘डाउन, देन ओव्हर’ या क्रमाने छापते: आधी डाव्या भागाची सगळी पाने, मग उजव्या भागाची. पाठपोट छापल्यावर पहिल्या कागदाच्या पाठीवर पुढचे सभासद येतात आणि पहिल्या सभासदाची बेरीज कुठल्या तरी तिसऱ्या कागदावर जाते. ‘पेज सेटअप’मध्ये क्रम बदलून ‘ओव्हर, देन डाउन’ केला, तर बेरीज निदान त्याच कागदाच्या पाठीवर येते. पण सभासदाचे नाव पुढे आणि आकडा मागे, असा तक्ता वाचणे त्रासाचेच. खरा उपाय रुंदी एका पानात बसवणे हा. ‘पेज लेआउट’मध्ये ‘विड्थ’ला ‘वन पेज’ आणि ‘हाइट’ला ‘ऑटोमॅटिक’ ठेवायचे, कागद आडवा करायचा.

मात्र शेजारी ‘स्केल’चा आकडा किती टक्क्यांवर आला, ते पाहावे. ११ पॉइंटची अक्षरे ६० टक्क्यांवर ६.६ पॉइंटची होतात. इंग्रजी आकडे त्यात कसेबसे वाचता येतात. देवनागरी नावांतले रफार आणि अनुस्वार मात्र एकमेकांत मिसळतात. टक्केवारी फारच घसरली, तर रकाने कमी करणे किंवा ए-३ कागद घेणे बरे. ‘प्रिंट टायटल्स’मध्ये ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ भरून मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर आणणे तर पाठपोट छपाईत सक्तीचेच समजावे. मागच्या बाजूला नुसते आकडे दिसले, तर कोणता रकाना कोणत्या महिन्याचा, हे पाहायला दर वेळी कागद उलटावा लागतो.

पुढची अडचण अनेक शीटांची. एक्सेलमध्ये छपाईची मांडणी प्रत्येक शीटला स्वतंत्र चिकटलेली असते. बारा महिन्यांची बारा शीटे असलेल्या फाइलीत ‘प्रिंट एन्टायर वर्कबुक’ म्हटले आणि पाठपोट ही निवड फक्त समोरच्या शीटला लागली असेल, तर एप्रिल पाठपोट छापला जातो आणि मे एका बाजूने. म्हणून कोणत्याही शीटच्या टॅबवर उजवे बटण दाबून ‘सिलेक्ट ऑल शीट्स’ करायचे आणि मग मांडणी ठरवायची. छपाई झाली की टॅबवर पुन्हा उजवे बटण दाबून ‘अनग्रुप शीट्स’ करायला विसरू नये. सगळी शीटे निवडलेली असताना एका शीटच्या चौकोनात लिहिलेला आकडा बाकीच्या अकरा शीटांच्या त्याच चौकोनात जाऊन बसतो, आणि ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

तरीही एका शीटचे शेवटचे पान आणि पुढच्या शीटचे पहिले पान एकाच कागदावर येईलच, अशी खात्री नसते. प्रत्येक महिन्याची तीन पाने धरली, तर एकूण ३६ पाने. सलग पाठपोट छापली, तर १८ कागद. प्रत्येक महिना नव्या कागदावर सुरू झाला, तर महिन्याला दोन याप्रमाणे २४. सलग हवी असतील, तर पूर्ण वर्कबुकची आधी पीडीएफ करावी आणि ती छापावी. पीडीएफला शीट माहीत नसते, फक्त पाने माहीत असतात. पण कागद वाचवण्याच्या भरात मे महिना एप्रिलच्या पाठीवर चढवणे प्रत्येक ठिकाणी योग्य नाही. लेखापरीक्षकाला एकाच महिन्याचे कागद वेगळे काढून द्यावे लागत असतील, तर ते सहा जादा कागद सत्कारणी लागले.

हाताने उलटणाऱ्या प्रिंटरवर तर पीडीएफ करण्यावाचून गत्यंतर नाही, कारण एक्सेलच्या छपाईच्या यादीत फक्त विषम किंवा फक्त सम पाने निवडायची सोयच नाही. अडोबी रीडरमध्ये ती आहे, उलट क्रमाचीही आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सम-विषम निवड छपाईच्या चौकटीतच मिळते. समासाच्या बाबतीतही कॅल्क सरस आहे: त्याच्या ‘पेज स्टाइल’मध्ये ‘मिरर्ड’ मांडणी आहे. एक्सेलमध्ये आरशासारखे समास नाहीत. तिथे दोन्ही बाजूंना सारखा समास ठेवणे आणि ‘सेंटर ऑन पेज’मध्ये ‘हॉरिझॉन्टली’वर खूण करणे, एवढेच हातात असते.

६. कागद, वजन आणि पाऊस

पाठपोट छपाईने कागद निम्मा होतो, शाई नाही. दोनशे बाजू छापायच्या तर टोनर दोनशे बाजूंचाच जातो. छपाईच्या दुकानांतही भाव बहुधा बाजूवर ठरतो, कागदावर नाही. पाठपोट दिले म्हणून बिल अर्धे होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. वाचतो तो कागद, जागा आणि टपालखर्च. ए-० आकाराचा कागद एक चौरस मीटर असतो आणि चारदा निम्मा केला की ए-४ होतो, म्हणजे ए-४ हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा. दोनशे पानांच्या अहवालाच्या पाच प्रती एका बाजूने छापल्या, तर १,००० कागद, ५ किलो. पाठपोट छापल्या, तर ५०० कागदांचे एक रिम, अडीच किलो.

कागद फार पातळ घेतला, तर मागची अक्षरे पुढे दिसतात. रोजच्या कामाला ७० जीएसएम चालतो. बांधून द्यायच्या किंवा जाड शीर्षके आणि आलेख असलेल्या मजकुराला ७५ ते ८० बरा. इंकजेट प्रिंटरवर हे जास्त जाणवते, कारण तिथे शाई ओली असते. असे प्रिंटर पहिली बाजू वाळावी म्हणून मध्ये काही सेकंद थांबतात. ते थांबणे बिघाड नव्हे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघडे पडलेले रिम हवेतला ओलावा शोषून घेते. दमट कागद तापलेल्या रुळांखालून गेला की वळतो आणि दुसऱ्या बाजूसाठी परत आत जाताना अडकतो. रिमचे वेष्टन फेकू नये. ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद ठेवून बाकीचे वेष्टनात गुंडाळून ठेवावेत. पाठकोरे कागद, म्हणजे जुन्या छपाईचे मागून कोरे असलेले, कच्च्या प्रतीला वापरायला हरकत नाही. पण त्यांत राहिलेली एखादी स्टेपलची पिन रुळाला ओरखडा पाडते आणि मग प्रत्येक पानावर तोच डाग ठरावीक अंतराने उमटत राहतो.

७. एकाच बाजूने छापावे असे कागद

सही-शिक्क्याचे कागद, विशेषतः ज्यांवर जाड शिक्का किंवा झिरपणारी शाई उमटणार आहे, ते पाठपोट छापू नयेत. शिक्का मागच्या मजकुरावर उतरतो. भरून द्यायच्या अर्जांबाबत ते मागवणाऱ्या कार्यालयाची सूचना आधी वाचावी. भिंतीवर किंवा सूचनाफलकावर लावायच्या कागदाची पाठ तर कुणीच वाचणार नाही. आणि जे कागद पुढे स्कॅन होणार आहेत, तिथे स्कॅनर कोणता, हे विचारून घ्यावे. गठ्ठा आपोआप ओढणारे अनेक साधे स्कॅनर एकच बाजू टिपतात. चाळीस बाजूंचा करार वीस कागदांवर छापून अशा स्कॅनरमध्ये घातला, तर फाइलीत वीसच पाने येतात, १, ३, ५ अशी. सम पाने हवी असतील, तर गठ्ठा उलटून पुन्हा घालावा लागतो. ती २, ४, ६ अशी न येता ४०, ३८, ३६ अशी उलट्या क्रमाने मिळतात आणि मग संगणकावर एकेक करून जागेवर बसवावी लागतात.